पऱ्हाटीच्या कोळशात गॅस साठवता येतो का?

फेब्रुवारी-मार्च आला की जळगाव जामोद तालुक्यातल्या वावरांमधून धूर दिसायला लागतो. कापसाची शेवटची वेचणी उरकलेली असते. फरदड घेऊ नका, पीक वेळेत काढा, असं कृषी विभाग सांगत असतो. मग उभी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड, उपटलं जातं. थोड्या पऱ्हाट्या चुलीसाठी घरी जातात, थोड्या धुऱ्यावर रचल्या जातात आणि बाकीच्या पेटवून दिल्या जातात. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला. तेव्हापासून पऱ्हाट्या वावरात किंवा धुऱ्यावर पडू द्यायच्या नाहीत, हा सल्ला आणखी ठळकपणे दिला जातो, कारण अळी त्यातल्या वाळक्या बोंडांमध्ये लपून राहते.

एकरी साधारण एक टन भरणारं हे लाकूड. ते नुसतं जाळण्याऐवजी त्याचा असा कोळसा करता येईल का, की ज्यात गोबरगॅस किंवा सीएनजी भरून ठेवता येईल? ऐकायला हे एखाद्या यूट्यूब व्हिडिओच्या मथळ्यासारखं वाटतं. पण यामागचं विज्ञान शंभर वर्षांहून जुनं आहे, आणि शेतातल्या कचऱ्यापासून बनवलेल्या कार्बनवर एक गाडी प्रत्यक्ष चालूनही झाली आहे. उत्तर 'हो' असंच आहे. फक्त त्या 'हो'मागे बरेच हिशेब आहेत आणि ते सहसा कोणी सांगत नाही.

मुळात अडचण काय आहे?

घरातला लाल सिलिंडर आणि गोठ्यामागचा गोबरगॅस, दोन्ही निळ्या ज्योतीने जळतात. पण साठवणुकीच्या बाबतीत ते अगदी वेगळे आहेत. सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. थोडा दाब दिला की साध्या तापमानालाच त्यांचा द्रव होतो. म्हणून ३३ लिटरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो इंधन आरामात बसतं.

गोबरगॅसमध्ये निम्म्याहून अधिक मिथेन असतो आणि सीएनजी तर जवळपास सगळाच मिथेन. मिथेन उणे ८२ अंश सेल्सियसच्या खाली नेल्याशिवाय कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. बुलढाण्याच्या मे महिन्यात उणे ८२ अंश कुठून आणणार? त्यामुळे गोबरगॅस संयंत्राच्या घुमटातच राहतो आणि जिथे तयार होतो तिथेच जाळावा लागतो. सीएनजी पंपावर हाच मिथेन हवेच्या दाबाच्या दोनशे पटींहून जास्त दाबून भरतात. त्यासाठी जाड पोलादी टाकी लागते आणि महागडा कॉम्प्रेसर लागतो. वीजही बरीच खर्च होते.

या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे टाकीत आधी सच्छिद्र कार्बन भरायचा आणि मग त्यात मध्यम दाबाने गॅस सोडायचा. कार्बनने भरलेल्या टाकीत गॅस कमी बसेल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उलट होतं.

कोळसा गॅस धरतो कसा?

मोकळ्या टाकीतले गॅसचे रेणू यात्रेतल्या माणसांसारखे सैरावैरा फिरत असतात. घन पदार्थाच्या पृष्ठभागाजवळ आले की त्यांना हलकीशी ओढ लागते आणि ते काही काळ तिथे टेकतात. याला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी शोषतो तसं हे नाही. इथे रेणू पदार्थाच्या आत मुरत नाही, तो पृष्ठभागावर चिकटतो. कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही, म्हणून दाब कमी केला की तो सुटून परत येतो.

ही ओढ फार क्षीण असते. एका भिंतीची पुरत नाही. पण बोळ इतका अरुंद असेल की दोन्ही भिंती एकाच वेळी ओढतील, तर रेणू दाटीवाटीने बसतात, जवळजवळ द्रवात बसावेत तसे. मिथेनचा रेणू साधारण ०.३८ नॅनोमीटरचा आणि त्याच्यासाठी सर्वात सोयीची फट सुमारे १.१ नॅनोमीटरची. अशा फटीत त्याचे दोन थर बसतात. आपला केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

एका ग्रॅम चांगल्या सक्रिय कार्बनमध्ये अशा फटींच्या भिंतींचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटर किंवा जास्त भरतं. म्हणजे चार ग्रॅम, चमचाभर काळी भुकटी, आणि तिच्या आत एक एकर वावर. उत्तम नमुन्यांत हा आकडा ग्रॅमला तीन हजार चौरस मीटरपर्यंत जातो.

कोळसा हवा धरून ठेवतो हे अठराव्या शतकातच लक्षात आलं होतं. त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर मात्र पहिल्या महायुद्धाने करायला लावला. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला आणि त्यानंतर कोळशाचे गॅस मास्क ही निकड झाली. १९१८ मध्ये अमेरिकेत लोकांना पीच फळाच्या कोयी आणि कवचफळांची टरफलं जमा करण्याचं आवाहन केलं गेलं होतं, कारण त्यांचा कोळसा टणक आणि सूक्ष्म छिद्रांचा होतो. शेतमालाच्या टाकाऊ भागातून सच्छिद्र कार्बन ही कल्पना आजची नाही ती अशी.

पऱ्हाटीपासून कार्बन: एका एकराचा हिशेब

पहिली पायरी आपल्या ओळखीची आहे. हवा न देता लाकूड तापवायचं, म्हणजे भट्टी लावायची. ४०० ते ७०० अंशांदरम्यान पाणी, डांबर आणि धूर निघून जातो आणि कोळसा उरतो. एक टन पऱ्हाटीमागे साधारण अडीचशे ते तीनशे किलो. पण हा चुलीचा कोळसा झाला. त्याची छिद्रं डांबराने बुजलेली असतात आणि आतला बराचसा पृष्ठभाग गॅसला सापडतच नाही.

दुसरी पायरी सक्रियनाची, आणि खरं काम इथेच आहे. एक पद्धत म्हणजे ८०० ते १००० अंशांना तापलेल्या कोळशावरून पाण्याची वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडायचा. तो कार्बनचाच थोडा थोडा भाग वायू करून घेऊन जातो आणि वाळवीने लाकूड कोरावं तशी आत बोगद्यांची जाळी तयार होते. दुसरी पद्धत रासायनिक. कच्चा माल फॉस्फोरिक आम्लात भिजवून ४००-५०० अंशांना भाजायचा, नाही तर तयार कोळशात कॉस्टिक पोटॅश मिसळून ७००-८०० अंशांना तापवायचा आणि मग धुऊन काढायचा. कापसाच्या देठांवर फॉस्फोरिक आम्लाची पद्धत वापरून केलेलं काम इजिप्तच्या संशोधकांनी १९९९ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. तिथेही कापूस आहे आणि पऱ्हाटीची हीच कटकट आहे.

गॅस साठवणुकीसाठी सगळ्यात जास्त पृष्ठभाग पोटॅशच्या पद्धतीने मिळतो. मात्र कोळशाच्या तीन-चार पट वजनाचं पोटॅश लागतं आणि ते भांडीही खातं. धुतलेलं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं, ते नाल्यात सोडता येत नाही. 'शेतकरी बांधवांनो, घरच्या घरी करा' अशातलं हे काम नाही. कोणी तसं सांगत असेल तर सावध राहा.

आता वजन बघू. सक्रियन करताना निम्म्याहून अधिक कोळसा निघून जातो. म्हणजे एकराच्या एक टन पऱ्हाटीतून हाती येणार साधारण १०० किलो सक्रिय कार्बन. दाबून बसवला तर तो दोनशे लिटरच्या ड्रमएवढी जागा घेईल. हवेच्या दाबाच्या ३५ पट दाबाला दर लिटरमागे दीडशे लिटर मिथेन बसतो असं धरलं, तर एकूण ३० हजार लिटर, म्हणजे ३० घनमीटर गॅस झाला. दाब उतरला तरी काही गॅस छिद्रांत अडकूनच राहतो. तो वजा करून २५ घनमीटर हाती लागेल असं समजू. त्याची उष्णता घरगुती एलपीजीच्या सव्वा सिलिंडरएवढी भरते.

एका एकराच्या पऱ्हाटीतून सव्वा सिलिंडर! निराशा झाली ना? पण इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हा कार्बन जळत नाही, तो भांड्याचं काम करतो. गॅस शुद्ध असेल तर पुन्हा पुन्हा भरता आणि रिकामा करता येतो. दोन, कार्बन नसता तर त्याच टाकीत त्याच दाबाला लिटरमागे जेमतेम ३५-४० लिटर गॅस बसला असता. म्हणजे कार्बनने चौपट काम केलं. तरीही एलपीजीच्या तुलनेत तेवढ्याच उष्णतेला चार-साडेचार पट मोठी टाकी लागतेच. घरोघरी डोक्यावरून नेण्याच्या सिलिंडरसाठी हे नाही. गोशाळेत किंवा डेअरीत एका जागी ठेवलेली टाकी असेल, किंवा ट्रॅक्टर असेल, तर विचार करण्यासारखं आहे.

कणसांवर चाललेली गाडी

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला प्रयोग बघायला हवा. मिसुरी विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ पीटर फायफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांपासून कार्बनच्या विटा बनवल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये जाहीर झालेल्या माहितीनुसार त्या विटांनी स्वतःच्या आकारमानाच्या १८० पट नैसर्गिक वायू धरला, तोही नेहमीच्या सीएनजी टाकीच्या सातव्या हिश्शाच्या दाबाला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००० साली ठेवलेलं लक्ष्य नेमकं १८० पटीचंच होतं. कॅन्सस सिटीमध्ये अशी टाकी बसवलेला एक पिकअप ट्रक ऑक्टोबर २००६ पासून चाचणीसाठी चालवलाही गेला.

मका जळगाव जामोद भागातही होतो, त्यामुळे हे उदाहरण परकं वाटायला नको. कमी दाबाचा एक फायदा चटकन लक्षात येत नाही. दोनशे पट दाबाच्या टाकीला गोल नळकांड्याचाच आकार द्यावा लागतो. दाब कमी असला की टाकी चपटी करून सीटखाली सरकवता येते.

मग अशा गाड्या रस्त्यावर का दिसत नाहीत? कारणं बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक कंटाळवाणी आहेत. गॅस चिकटताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे झटपट भरलं की टाकी तापते आणि तापलेल्या कार्बनमध्ये गॅस कमी बसतो. वापरताना उलट, टाकी थंड पडते आणि गॅस सुटायला कुरकुर करतो. नैसर्गिक वायूत जड हायड्रोकार्बन्सचा अंश असतो. ते छिद्रांत जाऊन बसतात ते उठतच नाहीत, आणि काही शे वेळा भरल्यावर टाकीची क्षमता घटते. गोबरगॅसमधली ओल आणि हायड्रोजन सल्फाइड हाच उपद्रव करतात. शिवाय सीएनजी पंपांचं जाळं दोनशे पट दाबावर उभं राहून गेलंय. ३५ पट दाबाचा वेगळा पंप कोण उभारणार?

पऱ्हाटीची स्वतःची एक अडचण आहे, घनतेची. प्रयोगशाळेचा अहवाल सहसा 'एका ग्रॅममध्ये किती' हे सांगतो, पण टाकी ग्रॅमवर चालत नाही, लिटरवर चालते. नारळाच्या करवंटीचा कोळसा टणक आणि जड असतो. पऱ्हाटीचा हलका, भुसभुशीत, आणि त्यात राखही करवंटीपेक्षा जास्त. तो दाबून विटा करायच्या तर चिकटवण्यासाठी काहीतरी मिसळावं लागतं आणि तेच थोडी छिद्रं बुजवतं. म्हणून पृष्ठभागाचा मोठा आकडा दाखवून कोणी प्रकल्प विकायला आला, तर पहिला प्रश्न विचारा, 'लिटरमागे किती गॅस बाहेर येतो?' बसतो किती हे विचारू नका. बाहेर येतो किती, ते विचारा.

आणि हायड्रोजन?

या विषयात महाराष्ट्राचं नाव येतं ते हायड्रोजनच्या निमित्ताने. आयआयटी मुंबईत रसायनशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले महेश्वर शेरॉन यांनी वनस्पतींपासून कार्बन बनवण्यावर दीर्घकाळ काम केलं. कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयातल्या नॅनोतंत्रज्ञान केंद्रातून त्यांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेलबिया आणि तंतुमय वनस्पती भाजून मिळवलेल्या कार्बनमध्ये हायड्रोजन किती बसतो, हा त्याचा विषय. त्यात साध्या तापमानाला सोयाबीनच्या कार्बनने वजनाच्या १.०९ टक्के आणि उसाच्या चिपाडाच्या कार्बनने २.०५ टक्के हायड्रोजन धरल्याची नोंद आहे. कापूस, सोयाबीन आणि ऊस या तीन पिकांभोवती फिरणाऱ्या राज्यासाठी या विषयाचं आकर्षण उघड आहे.

पण हायड्रोजन मिथेनपेक्षा फार चंचल आहे. कार्बनच्या भिंतीची त्याच्यावरची ओढ मिथेनच्या तुलनेत कितीतरी कमी आहे. चांगला आकडा मिळवायचा तर द्रव नायट्रोजनने कार्बन उणे १९६ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. त्या तापमानाला ठोकताळा असा की दर ५०० चौरस मीटर पृष्ठभागामागे वजनाच्या सुमारे एक टक्का हायड्रोजन बसतो. साध्या तापमानाला बहुतेक कार्बन एका टक्क्याच्या आतच राहतात. म्हणून त्याहून मोठा आकडा कुठेही दिसला की तो दुसऱ्या प्रयोगशाळेतही मिळाला का, हे बघावं लागतं.

ही खबरदारी अनुभवातून आलेली आहे. १९९८ मध्ये बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या गटाने ग्राफाइटच्या अतिसूक्ष्म तंतूंमध्ये साठ टक्क्यांहून अधिक हायड्रोजन बसतो असा दावा केला. जगभर खळबळ उडाली, पण इतरांना तो आकडा कधीच मिळाला नाही. थोडी ओल आत शिरली किंवा कुठे बारीकशी गळती असली तरी अशा मोजमापात मोठी चूक होऊ शकते. २००६ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने शुद्ध कार्बन नॅनोट्यूबवर गाड्यांसाठी हायड्रोजन साठवण्याचं काम पुढे न नेण्याचा निर्णय घेतला.

सच्छिद्र कार्बन फक्त गॅससाठी नसतो हेही इथेच सांगायला हवं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने २०१३ मध्ये झाडांच्या गळालेल्या पानांपासून, सक्रियनाची वेगळी पायरी न करता, ग्रॅमला सुमारे १,२३० चौरस मीटर पृष्ठभागाचा कार्बन मिळवला. तो होता सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे वीज साठवायला. मला स्वतःला गाडीतल्या हायड्रोजनपेक्षा हा रस्ता जास्त आश्वासक वाटतो.

वेल्डिंगच्या दुकानातला सिलिंडर

भरीव पदार्थाने भरलेल्या टाकीत गॅस ठेवण्याची कल्पना तुमच्या बाजारपेठेत रोज वापरली जाते. गॅस वेल्डिंगच्या दुकानात उभा असलेला ॲसिटिलीनचा सिलिंडर आतून पोकळ नसतो. त्यात सच्छिद्र पदार्थ ठासून भरलेला असतो आणि त्यात मुरवलेल्या ॲसिटोनमध्ये गॅस विरघळलेला असतो. मोकळ्या टाकीत दाबलेला ॲसिटिलीन आपोआप स्फोट पावू शकतो, छिद्रांमध्ये विखुरलेला तसं करत नाही. इथे काम अधिशोषणाचं नाही, सुरक्षिततेचं आहे. असा सच्छिद्र भराव सुधारणारे आणि दीपस्तंभांचे गॅसदिवे स्वयंचलित करणारे स्वीडनचे गुस्ताफ डालेन यांना १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

सांगायचा मुद्दा असा की टाकीच्या आत काय भरलंय यावर सुरक्षितता ठरते आणि म्हणून त्याला परवाना लागतो. भारतात गॅस सिलिंडरना मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. जुन्या सिलिंडरमध्ये कोळसा भरून गोबरगॅस दाबण्याचा 'जुगाड' बेकायदा तर आहेच, जीवघेणाही आहे.

मग आज पऱ्हाटीचं काय करता येईल?

मुंबईतली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सिरकॉट, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट आणि पेलेट बनवण्यावर बरीच वर्षं काम करते आहे. त्यातल्या ब्रिकेटला गिऱ्हाईक लगेच मिळतं, कारण कारखान्यांच्या बॉयलरला ते चालतात. सक्रिय कार्बन हा त्याच्या पुढचा टप्पा, आणि त्यातही गॅसच्या टाकीपेक्षा गॅस साफ करण्याचं काम आधी जमण्यासारखं आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या 'सतत' योजनेनंतर बायोगॅस शुद्ध करून सीएनजीसारखा विकण्याचे प्रकल्प उभे राहू लागले. अशा विक्रीच्या गॅसमध्ये किमान ९० टक्के मिथेन लागतो. म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर काढणं आलं, आणि या दोन्हींसाठी विशिष्ट प्रकारचे सच्छिद्र कार्बन वापरले जातात. तिथे टाकीत किती लिटर बसतं हा प्रश्न इतका जाचक नसतो.

पाण्याचंही विचारलं जाईल, कारण जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतला खारपाणपट्टा आणि तिथले मूत्रपिंडाचे आजार हा इथला जुना घाव आहे. पऱ्हाटीचा सक्रिय कार्बन पाण्यातला रंग, वास आणि काही कीटकनाशकांचे अंश धरू शकतो. विरघळलेले क्षार मात्र तो धरत नाही. खाऱ्या पाण्यासाठी आरओच लागतो. त्या यंत्रातही कार्बनची नळी असते, पण ती क्लोरीन आणि वास काढते, खारेपणा काढत नाही.

अशा कामाला लागणारा कच्चा माल दीड-दोन महिन्यांत गोळा करावा लागतो, कारण पुढच्या पेरणीसाठी वावर मोकळं करायचं असतं. पऱ्हाटी हलकी आणि पसरट असते. ट्रॉली भरलेली दिसते, पण वजन भरत नाही. वावरातच तिचे तुकडे केले तर वाहतुकीचा खर्च उतरतो. भट्टी जिल्ह्याच्या ठिकाणी लावायची की तालुक्याला, हे त्यावरूनच ठरेल.